दर वेळी 'तुझं काय मत?' मलाच का विचारतात? (इंग्लंड, जरा लांबलंय)

बिनपत्त्याचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसताच वाचत) होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरात राहतो. मास्टर्सला आलो, मग नोकरी लागली, आता स्किल्ड वर्कर व्हिसावर. मुसलमान आहे आणि घरी मराठी बोलतो, हे दोन्ही एका दमात सांगितलं की इथल्या देशी लोकांचा गोंधळ उडतो. मशिदीत सगळे धरूनच चालतात की मी पाकिस्तानी असणार, आणि मराठी मंडळींच्यात गेलो की "अरे वा, मराठी किती स्वच्छ बोलतोस रे!" अहो जन्मल्यापासून तीच कानावर पडलीय, दुसरी कुठली बोलणार. असो, याचा राग नाही, सवय झालीय.

सध्या 'लाइफ इन द यूके' टेस्टचा (इथे कायम राहायला द्यावी लागते ती परीक्षा) अभ्यास चाललाय. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, ७५ टक्के मिळाले की पास. त्या पुस्तकात सुरुवातीलाच ब्रिटिश समाजाची मूल्यं दिलीत, लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य वगैरे, आणि त्यातच वेगळा धर्म मानणाऱ्यांबद्दल सहिष्णुता. तेव्हापासून डोक्यात हा विषय घोळतोय म्हणून इथे ओततो.

२०२४ च्या उन्हाळ्याचं इथल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात: २९ जुलैला साउथपोर्टमध्ये लहान मुलींच्या डान्स क्लासवर एकाने चाकूहल्ला केला, तीन मुली गेल्या. आरोपी १७ वर्षांचा म्हणून नाव बाहेर आलं नव्हतं, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी ऑनलाइन एक मुसलमानी वाटेल असं खोटं नाव सोडून दिलं, म्हणे होडीतून आलेला आश्रयार्थी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या मशिदीवर विटा. १ ऑगस्टला जजने खरं नाव जाहीर करायला परवानगी दिली, मुलगा कार्डिफलाच जन्मलेला, आईवडील रवांडाचे. पण तोवर लोण पसरलं होतं, ४ तारखेला रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी ठेवलेलं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला.

त्या आठवड्यात शेजारच्या आजींनी दार वाजवलं. सत्तरी पार असतील, आणि तोपर्यंत आमचं बोलणं म्हणजे कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा एवढंच. म्हणाल्या, मी दुकानात चाललेय, तुला काही आणायचंय का. दंगलीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. सगळा वेळ माझ्या दाराशी वाढलेल्या गवताकडे बघत बोलत होत्या, गवताचीच तक्रार घेऊन आल्यासारख्या. मी म्हटलं दूध आणा.

आणि त्याच दिवसांत फोनमध्ये काय चाललं होतं, तर आमच्या मराठी ग्रुपवर (चारेकशे लोक, रूम, व्हिसा, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, सगळी मदत तिथेच मिळते) एका सभ्य गृहस्थांनी ते खोटं नाव फॉरवर्ड केलं, खाली लिहिलं "परत तेच". अंगठे पडले. मग एकाने मला टॅग करून विचारलं, "तुझं काय मत यावर?" चांगल्या मनाने विचारलं असेल, मला मान्य आहे, पण मी काय उत्तर देणार, मी त्या मुलाला ओळखत नाही, त्याच्या गावाला गेलो नाही, मी ऑफिसमध्ये एक्सेल शीट भरत बसलोय. खरं नाव आल्यावर ग्रुप गप्प. मेसेज कोणी डिलीट केला नाही, मला टॅग करून "अरे चूक झाली" असंही कोणी म्हणालं नाही, थेट कोणाच्या तरी एअरपोर्ट पिकअपचा विषय सुरू.

दुसरा ग्रुप मशिदीतल्या पोरांचा. तिथे जुने कुठले कुठले मारामारीचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते, "तयार राहा भावांनो". त्याच सुमाराला लिव्हरपूलच्या अब्दुल्ला क्विलियम मशिदीसमोर निदर्शनं झाली, तेव्हा तिथले इमाम ॲडम केलविक रस्ता ओलांडून निदर्शकांना बर्गर-चिप्स देऊन आले, एकदोघांशी गळाभेटही झाली. मला ते जाम आवडलं, मी शेअर केलं. तर तिथे मला ऐकवलं की हे गोऱ्यांच्या पाया पडणं आहे आणि तू इंडियन असल्यामुळे तुला सवय आहे.

म्हणजे एका ग्रुपात मी 'त्यांचा' आणि दुसऱ्यात पुरेसा 'आपला' नाही. प्रत्यक्ष माणूस समोर असला की असं क्वचित होतं, तो मला एकट्यालाच भेटतो. ऑनलाइन मात्र जगातल्या दीडदोनशे कोटी मुसलमानांचा वकील म्हणून मला उभं करतात आणि वकीलपत्र मी घेतलेलंच नाही.

प्रश्न असा की तुम्ही काय करता? उत्तर देता, गप्प बसता, की ग्रुप सोडता? सोडायला काय, एक बटण. पण मग दिवसभरात मराठी बोलायला उरतं कोण, अम्मीचा फोन सोडला तर?

जुने_लेस्टरकर

पहिल्यांदा धागा काढलास त्याबद्दल अभिनंदन, आणि इतकं लिहिलंस त्याबद्दलही.

मी नव्वदच्या दशकापासून लेस्टरमध्ये. इथे २०२१ च्या जनगणनेनुसार कुठल्याच एका वंशाचे लोक निम्म्याहून जास्त नाहीत, आणि आम्ही वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगायचो की बघा आमच्याकडे कसं सगळे मिळून राहतात. २०२२ ला ती हवा गेली. २८ ऑगस्टला दुबईत भारत-पाकिस्तान मॅच झाली, इथे रस्त्यावर जल्लोष, त्यातून बाचाबाची, आणि पुढचे तीन आठवडे फोनवर जे काही आलं ते विचारू नकोस. एका मुसलमान मुलीला पळवायचा प्रयत्न झाला अशी पोस्ट फिरली, पोलिसांनी चौकशी करून सांगितलं की असं काही घडलेलंच नाही. पण १७ सप्टेंबरला दोन्हीकडची पोरं रस्त्यावर समोरासमोर आलीच. नंतर बीबीसीने त्या काळातली ट्विटं तपासली तर अर्ध्याहून जास्त ट्विटं भारतातल्या अकाउंटांवरची निघाली. म्हणजे भांडण माझ्या गल्लीतलं आणि त्यात तेल ओतणारे पाच हजार मैलांवर चहा पीत बसलेले.

माझा अनुभव असा की ग्रुपवर वाद घालून एकही माणूस बदलत नाही. ज्याने टाकलं त्याला वेगळा मेसेज कर, जमलं तर फोनच कर. चारशे लोकांसमोर माणूस माघार घेत नाही, एकट्याला धरलं की तोच म्हणतो "अरे हो, घाईत टाकलं". आमच्या सोसायटीतले दोन असे मी फोनवर पटवलेत. ग्रुप सोडू नको. तू सोडलास की उरलेल्यांना विचारायला एकही मुसलमान उरणार नाही, मग तर रानच मोकळं. आणि सगळेच तसे नसतात रे, मनाला लावून घेऊ नको.

निळी_छत्री

काका, राग मानू नका, पण "सगळेच तसे नसतात" हे वाक्य आम्हीच तुम्हाला समजावत फिरतो ना, आमच्या लोकांबद्दल? आता तेच तुमच्याकडून ऐकताना हसू आलं. हलके घ्या.

बिनपत्त्याचा, तुझं बरंचसं पटलं पण 'प्रत्यक्षात लोक चांगले, फोनमध्ये वाईट' ही वाटणी मला नाही पटली. तुझ्याकडे बघून कोणाला काही कळत नाही. दाढीवाले तर आता ऑफिसात सगळेच असतात. मी हिजाब घालते. त्याच ऑगस्टमध्ये बसमध्ये मागच्या सीटवरून एकजण माझ्या देशात परत जा म्हणून ओरडत होता, माझ्या तीन स्टॉपपर्यंत, आणि बसमधले सगळे फोनमध्ये डोकं घालून. ड्रायव्हरने गाडी थांबवून त्याला उतरवलं, बाकी कोणी हू की चू केलं नाही. म्हणजे तेव्हा मला रस्ता नको होता, घरी जाऊन फोन उघडायचा होता, कारण फोनमध्ये माझ्या मैत्रिणी होत्या ज्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनीच सांगितलं की पोलिसांना १०१ वर कळव आणि 'टेल मामा' या संस्थेला पण कळव (२०१२ पासून मुस्लिमविरोधी प्रकारांची नोंद ठेवतात, मदतही करतात). मी एकटी असते तर सोडूनच दिलं असतं.

आता दुसरी बाजू. फोनमधले 'आपले' लोक काही कमी नाहीत. मी एकदा मॅरेथॉनच्या ट्रेनिंगचा फोटो टाकला, तर खाली हराम पोलीस हजर. कपाळावर दोन केस दिसतायत बहन, लेगिंग घट्ट आहे बहन, अल्लाह तुला हिदायत देवो बहन. आणि त्याच फोटोखाली एक गोरे आजोबा, की तुला जबरदस्तीने डोकं झाकायला लावतात का, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. दोघांनाही मी कशी पळते यात काडीचा रस नव्हता! माझा १० किलोमीटरचा टाइम तिथे लिहिलेला होता, एकाने पण विचारलं नाही.

तर मी काय केलं, पळणाऱ्यांच्या एका ग्रुपात नाव न देता, फोटो न लावता गेले. तिथे मी म्हणजे फक्त दुखरा गुडघा आणि पहाटेचे टाइम. वर्षभराने एकदा प्रत्यक्ष भेटलो, मी हिजाबमध्ये उभी, दोन सेकंद शांतता, मग एक बाई म्हणाल्या "ओह, तू म्हणजे गुडघा!" तेवढंच. त्या ग्रुपवर मला अजून कोणी मत विचारलेलं नाही आणि मला तिथे जितकं घरच्यासारखं वाटतं तितकं दोन्हीकडच्या धार्मिक ग्रुपात कधी वाटलं नाही. पण हेही खरं की मी आधी लपून गेले. तोंड दाखवून गेले असते तर काय झालं असतं हे मला ठाऊक नाही आणि हा विचार मला आवडत नाही.

सर्किट_ब्रेकर

माझं कामच या धंद्यातलं आहे (सोशल मीडियावरच्या तक्रारी बघणाऱ्या टीममध्ये, कुठल्या ते सोडा), म्हणून जरा तांत्रिक पिंक टाकतो.

लोक म्हणतात अल्गोरिदम द्वेष पसरवतो. अल्गोरिदमला द्वेष कळत नाही, त्याला एवढंच कळतं की कशावर माणूस थांबला. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे कंपनीतले कागद २०२१ मध्ये बाहेर आले तेव्हा सगळ्यांना कळलं, २०२० मध्ये त्यांनी ते शून्यावर आणलं म्हणा. पण सुरुवातीला हिशोब असा होता की एक माणूस चिडला म्हणजे पाच जणांना आवडलं. आणि एकदा सुटलेली गोष्ट मागे घेणं किती अवघड ते क्राइस्टचर्चला दिसलं, मार्च २०१९, दोन मशिदी, ५१ माणसं, मारेकऱ्याने लाइव्ह दाखवलं, आणि पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख कॉपी काढाव्या लागल्या.

पण तुझा प्रश्न व्हॉट्सॲपचा आहे आणि तिथे अल्गोरिदम नाहीच. तिथे आपले ते सभ्य गृहस्थच अल्गोरिदम. म्हणूनच कंपनीने फॉरवर्डवर बंधनं घातली, २०१९ पासून जगभर एका वेळी पाचच चॅट, आणि २०२० पासून जे फारच फिरलंय ते एका वेळी एकाच चॅटला. मेसेजवर दोन बाण दिसले की समजायचं हे खूप हातांतून आलंय. मी आमच्या फॅमिली ग्रुपवर धर्मबिर्म काही बोलत नाही, फक्त लिहितो "दोन बाण आहेत". आता काकू लोक आधीच बाण बघून मग टाकतात, निदान मला पाठवताना तरी.

अजून एक, यूकेत ३१ जानेवारी २०२४ पासून, खोटं आहे हे माहीत असून कोणाला इजा व्हावी म्हणून मेसेज पाठवणं हा गुन्हा आहे, ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमध्ये. तुमच्या गृहस्थांना लागू होणार नाही, त्यांना ते खरंच वाटलं होतं, आणि कायद्याची खरी अडचण तीच आहे. पण व्हिसावरच्या माणसाने सांभाळून असावं. मशिदीतल्या त्या "तयार राहा" वाल्या पोरांना पण सांग, त्या ऑगस्टमध्ये नुसत्या पोस्टवरून लोक तुरुंगात गेलेत.

स्पष्टवक्ता

सगळे गोड बोलतायत तर मी जरा कडू बोलतो, उडवायचं असेल तर उडवा.

मराठी ग्रुपवर तुला टॅग केलं ते चूक, मान्य. पण मशिदीच्या ग्रुपात तू काय बोलतोस? तिथे अहमदियांबद्दल (ज्या पंथाला बरेच मुसलमान आपलं मानत नाहीत), ज्यूंबद्दल, धर्म सोडलेल्यांबद्दल जे लिहिलं जातं तेव्हा तू टॅग करतोस का कोणाला? २०१६ मध्ये ग्लासगोत एका अहमदी दुकानदाराचे ऑनलाइन व्हिडिओ बघून ब्रॅडफर्डचा एक मुसलमान गाडी घेऊन निघाला आणि दुकानासमोर त्याला ठार मारलं. तो मेलेला माणूसही इथे आसरा शोधायला आलेला मुसलमान इमिग्रंटच होता ना? सहिष्णुता पाहिजे असेल तर ती आधी आपल्या ग्रुपात मागावी, मग दुसऱ्यांच्या. तू इमामांचं कौतुक केलंस ते चांगलं, पण ते सोपं होतं.

निळी_छत्री

@स्पष्टवक्ता, मुद्दा बरोबर आहे पण गंमत बघितलीत का, तो म्हणतोय मला दर वेळी उत्तर द्यायला लावतात आणि तुम्ही त्याच्याकडे अजून एक उत्तर मागितलंत.

बिनपत्त्याचा

बाप रे, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ऑफिसातून लपून लिहितोय.

@जुने_लेस्टरकर काका, फोन केला काल. ते गृहस्थ खरंच चांगले बोलले, म्हणाले आठवतच नाही असं काही टाकल्याचं, आणि मला ते खरं वाटलं. मी त्यानंतर किती रात्री ते दोन शब्द डोक्यात घेऊन पडलो होतो आणि त्यांना आठवतच नाही. याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. माफी मागितली असती तर एकवेळ सोपं गेलं असतं.

@निळी_छत्री, बसचं वाचून गप्प झालो. बरोबर आहे, माझी वाटणी माझ्या सोयीची होती, माझं नाव विचारेपर्यंत मी कोणीही असू शकतो. पण नाव विचारल्यावरचा जो अर्धा सेकंद असतो ना, तो मलाही माहिती आहे. आणि तुम्ही लपून गेलात असं नका म्हणू, बाकीचे तरी कुठे आपला धर्म सांगून त्या ग्रुपात आले होते. त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून ते लपलेले ठरत नाहीत.

@स्पष्टवक्ता, तुमचं टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. मशिदीच्या ग्रुपात अहमदियांबद्दल घाण येते, खरं आहे. मी एकदा लिहिलं होतं की हे आपण आपल्याबद्दल ऐकून घेतो का, तर दोन दिवस मला "भाई, आधी दीन (धर्म) शीक" चे मेसेज, आणि एकाने पर्सनलवर लिहिलं की थँक्स, माझी बायको त्या घरची आहे, इथे कोणाला सांगितलेलं नाही. हा माणूस दर शुक्रवारी माझ्या बाजूला उभा असतो. त्याच्यासाठी मी परत बोलेन, बोलायलाच पाहिजे, तो माझा ग्रुप आहे आणि तिथे मी कोणाच्या वतीने नाही, माझ्या स्वतःच्या तोंडाने बोलतो. पण मला मराठी ग्रुपातही तसंच बोलायचं आहे हो. तिथेही मला 'आपल्या लोकांना' सुनवायचा हक्क पाहिजे, कारण ते पण आपलेच लोक. आत्ता तिथे मी चिडलो तर 'मुसलमान चिडला' होतं आणि तुम्ही चिडलात तर ग्रुपवर भांडण होतं, संध्याकाळी मिटतं. मला तेवढंच हवंय, की माझ्याशी पण सरळ भांडा आणि संध्याकाळी रूम भाड्याने आहे का विचारा.

ग्रुप सोडत नाहीये सध्या. ॲडमिनशी बोललो, दोन बाणांचे मेसेज बंद करा म्हटलं (थँक्स @सर्किट_ब्रेकर), तो म्हणाला मग ग्रुपवर उरणार काय.

सर्किट_ब्रेकर

हाहा, तुमच्या ॲडमिनला आमच्याकडे नोकरी द्यायला पाहिजे, त्याला धंदा कळलाय.

स्पष्टवक्ता

@बिनपत्त्याचा, ठीक. भांडायचंच असेल तर एक घे: इमामांच्या बर्गरने काही होत नाही असं माझं अजून मत आहे, साउथपोर्टच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी येऊन मशिदीची भिंत परत बांधून दिली ते मला जास्त मोठं वाटतं. यावर तुला बोलायचं असेल तर बोल, तुझ्या स्वतःच्या तोंडाने.

आणि हो, आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी काय काय येतं ते मी आजपर्यंत खाली सरकवत आलोय. आज विचारतो एकाला, कुठून आलं म्हणून. ग्रुपमधून काढलं तर इथे येऊन सांगतो.